सनदेविना पेशा : अमेरिकेतील वृत्तपत्रविद्येच्या प्रारंभिक अभ्यासक्रमाचा इतिहास

१

कोणत्याही विद्याशाखेचा पहिला अभ्यासक्रम पाहिला म्हणजे त्या शाखेची स्वतःविषयीची कल्पना काय आहे हे सहसा ध्यानात येते. पुढील वर्षांत विषयाची निरनिराळी अंगे तपशिलाने येतात. परंतु हा विषय मुळात कशासाठी शिकावयाचा, या प्रश्नाचे काही ना काही उत्तर नवागत विद्यार्थ्याला आरंभीच द्यावे लागते. वैद्यकाचा विद्यार्थी शरीररचनेपासून सुरुवात करतो. स्थापत्याचा विद्यार्थी गणिताकडे वळतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्याला मात्र प्रथम शिकविली जातात ती ‘तत्त्वे’. बातमी कशी लिहावी हे सांगण्याच्या अगोदर, किंवा निदान त्याच्या बरोबरीने, ती का लिहावी, कोणासाठी लिहावी आणि लिहिणाऱ्याने कोणाला उत्तरदायी असावे, याची चर्चा या वर्गात होते.

१४ सप्टेंबर १९०८ रोजी मिसूरी राज्यातील कोलंबिया या गावी तेथील राज्य विद्यापीठाची वृत्तपत्रविद्येची स्वतंत्र शाळा सुरू झाली. (न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाशी या गावाच्या नावाचा घोटाळा होऊ नये, त्या विद्यापीठाचा उल्लेख पुढे येणारच आहे.) शाळेचे पहिले अधिष्ठाते वॉल्टर विल्यम्स यांनी जो विषय स्वतःकडे घेतला तो होता ‘वृत्तपत्रविद्येचा इतिहास व तत्त्वे’. त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी चालविलेल्या ‘युनिव्हर्सिटी मिसूरियन’ या दैनिकाचा पहिला अंक निघाला. एका बाजूस तत्त्वांचा वर्ग आणि दुसऱ्या बाजूस छापखान्याची घाई, ही जोडी त्या दिवसापासून अमेरिकन वृत्तपत्रशिक्षणात कायमची रूढ झाली.

यांपैकी छापखान्याची उपयुक्तता सहज समजण्यासारखी आहे. तत्त्वांचा वर्ग कशासाठी, हा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. ज्या धंद्यातील अनुभवी माणसे ‘हे कसब शिकविता येत नाही’ असे बजावून सांगत होती, त्या धंद्याच्या शिक्षणाचा आरंभ नीतिविषयक व्याख्यानांनी का व्हावा? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या घटनात्मक व्यवस्थेत सापडते. या अभ्यासक्रमाचे बळ आणि त्याचे दौर्बल्य, ही दोन्ही तेथूनच निघाली आहेत.

२

वृत्तपत्रकाराला महाविद्यालयात घडविण्याची कल्पना अमेरिकेत यादवी युद्धानंतर पुढे आली. दक्षिणेचे पराभूत सेनापती रॉबर्ट ई. ली हे युद्धानंतर व्हर्जिनियातील लेक्सिंग्टन येथील वॉशिंग्टन कॉलेजचे अध्यक्ष झाले. मुद्रण व वृत्तपत्रव्यवसाय हेच आयुष्याचे कार्य म्हणून पत्करू इच्छिणाऱ्या तरुणांना पन्नास शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी सूचना त्यांनी १८६९ साली विश्वस्तांपुढे मांडली. उद्ध्वस्त दक्षिणेच्या पुनर्रचनेसाठी सुशिक्षित संपादक हवेत, ही त्यामागील दृष्टी होती. १८७० मध्ये ली यांचे निधन झाले आणि दशकभरातच ती योजना गुंडाळली गेली.

या योजनेला व्यवसायातून जो प्रतिसाद मिळाला तो बहुतांशी उपहासाचा होता. ‘न्यूयॉर्क हेरल्ड’चे कामकाज अनेक वर्षे सांभाळलेले फ्रेडरिक हडसन यांच्या मते वृत्तपत्रकार घडण्याचे ठिकाण एकच, आणि ते म्हणजे मोठ्या वृत्तपत्राची कचेरी. हे मत अडाणीपणातून आलेले नव्हते. अमेरिकन संपादकांची एक पिढीच्या पिढी खिळे जुळविता जुळविता लिहावयास शिकली होती. छापखान्यातील उमेदवारी हेच तिचे गुरुकुल होते. अशा माणसाला व्याख्यानमंडपातून वृत्तपत्रकार बाहेर पडेल ही कल्पना हास्यास्पद वाटली, तर त्यात नवल नाही.

तरीही प्रयोग चालूच राहिले. १८९३ पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन शाळेत जोसेफ फ्रेंच जॉन्सन यांनी वृत्तपत्रविद्येचे वर्ग घेतले. १९०४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने चार वर्षांचा क्रम आखला आणि १९०५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात विलर्ड ब्लायर यांनी आपला पहिला वर्ग सुरू केला. पण या विषयाला खरी सार्वजनिक प्रतिष्ठा मिळाली ती जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीमुळे. पुलित्झर हे हंगेरीहून आलेले स्थलांतरित. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्राच्या बळावर त्यांनी अफाट संपत्ती मिळविली. १८९० नंतरच्या दशकात हर्स्ट यांच्याशी चढाओढ करताना त्यांच्या पत्राने जी भडक वळणे घेतली त्यांवरून ‘पीत पत्रकारिता’ हा शब्द जन्मास आला. वृत्तपत्रशिक्षणासाठी कोलंबिया विद्यापीठाला पैसा देण्याची त्यांची पहिली तयारी १८९२ मधील. त्या वेळी विद्यापीठाने ती नाकारली. १९०३ मध्ये वीस लाख डॉलरांच्या देणगीची योजना विद्यापीठाने स्वीकारली.

लगेच वाद पेटला. हॉरेस व्हाइट या ज्येष्ठ संपादकांनी ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या मासिकात आक्षेप घेतला की, बातमीचा वास येण्यासाठी लागणारे नाक विद्यापीठ देऊ शकत नाही, आणि बाकी जे काही लागते ते महाविद्यालयांत अगोदरच शिकविले जाते. त्याच मासिकाच्या मे १९०४ च्या अंकात पुलित्झर यांनी सविस्तर उत्तर दिले. वकील, वैद्य, सेनाधिकारी यांना शिक्षण लागते आणि लोकमत घडविणाऱ्याला मात्र ते नको, हे म्हणणे त्यांना विसंगत वाटले. याहून महत्त्वाचा मुद्दा पुढचा होता. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी सुचविलेल्या आराखड्यात वृत्तपत्राचा खप, जाहिराती व व्यवस्थापन या विषयांनाही स्थान होते. पुलित्झर यांनी हे विषय ठामपणे बाजूस सारले. ज्याने वृत्तपत्रांच्या व्यापारात कोट्यवधी कमावले त्यानेच आपल्या पैशाने चालणाऱ्या शाळेत तो व्यापार शिकवू नये असा आग्रह धरावा, यात काहींना दांभिकता दिसली. वस्तुतः त्यात एक स्पष्ट निदान होते. मालकाचे हित आणि वाचकाचे हित यांची फारकत होऊ शकते, आणि ती झाली असता संपादकाने कोणाच्या बाजूने उभे राहावे हे त्याला आधीच ठाऊक असले पाहिजे, असे पुलित्झर यांना वाटत होते. १९११ मध्ये ते वारले. पुढील वर्षी कोलंबिया विद्यापीठाची शाळा उघडली.

३

पुलित्झर यांनी दिलेल्या वकील-वैद्यांच्या उपमेत एक अडचण दडलेली होती. वकिलाला सनद लागते. ती काढून घेतली की वकिली संपली. वैद्याला राज्याचा परवाना लागतो. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्स्नर यांचा वैद्यकीय शिक्षणावरील अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या काळात कित्येक निकृष्ट वैद्यकीय शाळा बंद पडल्या, कारण परवाना देणाऱ्या मंडळांच्या हाती अंकुश होता. शिक्षण, परीक्षा, सनद आणि शिस्तभंगाची कारवाई या चार खांबांवर या पेशांची इमारत उभी असते.

वृत्तपत्रकाराच्या बाबतीत यांतला तिसरा खांब उभा करणेच शक्य नव्हते. १७९१ मध्ये अमलात आलेल्या अमेरिकन संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्याचा आणि मुद्रणस्वातंत्र्याचा संकोच करणारा कायदा करण्यास काँग्रेसला मनाई केली. इंग्लंडमध्ये मुद्रणासाठी परवाना घेण्याची जी पद्धत होती, आणि जिच्याविरुद्ध मिल्टनने १६४४ मध्ये आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तिच्या स्मृतीतून हा विचार पोसला गेला होता. १९३१ मध्ये मिनेसोटातील नीअर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व राज्यांनाही लागू करून मुद्रणपूर्व बंदी अवैध ठरविली. ज्या पत्रावरून हा खटला झाला ते सभ्य म्हणण्याजोगे मुळीच नव्हते. ज्यूद्वेषाने ते भरलेले होते. तरीही त्याच्या प्रकाशनावर आगाऊ बंदी घालता येणार नाही, असा निर्णय झाला. मग वृत्तपत्रकाराला सनद देणारे आणि ती हिरावून घेणारे मंडळ उभारणार कोण? कोणीही उठावे आणि पत्र काढावे, ही मोकळीकच तेथे स्वातंत्र्याची कसोटी मानली गेली.

यावरून तत्त्वांच्या वर्गाचे स्थान कळून येते. कायद्याने घालता न येणारे बंधन मनाने घालून घ्यावे, यासाठी तो वर्ग होता. इतर पेशांत जे काम सनद करते त्याचा काही भाग येथे पहिल्या वर्षाच्या व्याख्यानांनी करावा अशी अपेक्षा होती. या वर्गांत सामान्यतः शिकविले जाणारे विषय पाहिले तरी हेच दिसते. न्यूयॉर्कचा मुद्रक जॉन पीटर झेंगर याच्यावर गव्हर्नरच्या बदनामीचा खटला झाला आणि १७३५ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले, ही कथा या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ‘आपल्या पूर्वसूरींनी काय सोसले’ हे सांगून ‘तुम्ही कसे वागावे’ हे सुचविणे, ही परंपरेच्या बळावर शिस्त लावण्याची जुनी रीत होय. पुढे १९४० नंतरच्या दशकात वृत्तपत्रविद्येच्या शाळांना अधिमान्यता देण्याची पद्धत सुरू झाली. पण ती मान्यता शाळेला होती, वृत्तपत्रकाराला नव्हे. तिच्यावाचून कोणाचीही लेखणी अडत नव्हती.

४

सनदेच्या जागी काय ठेवावे, याविषयी दोन विचार आरंभापासून शेजारी शेजारी वाढत गेले. त्यांतील एकाचे प्रतिनिधी विल्यम्स आणि दुसऱ्याचे ब्लायर.

विल्यम्स १८६४ मध्ये मिसूरीतील बूनव्हिल येथे जन्मले. त्यांनी महाविद्यालयीन पदवी घेतली नव्हती. छापखान्यातून ते संपादकपदापर्यंत पोचले होते. अशा मनुष्याने विद्यापीठीय वृत्तपत्रशिक्षणाचा पाया घालावा आणि पुढे त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष व्हावे, ही घटना बोलकी आहे. त्यांच्या दृष्टीने तत्त्वांचा गाभा म्हणजे चारित्र्य. १९१४ च्या सुमारास प्रसृत झालेले त्यांचे ‘वृत्तपत्रकाराचे प्रतिज्ञापत्र’ जगातील अनेक भाषांत गेले. वृत्तपत्र हा लोकांनी सोपविलेला ठेवा आहे, त्याच्याशी संबंधित सर्व जण त्या ठेव्याचे विश्वस्त आहेत आणि याहून कमी दर्जाची सेवा हा विश्वासघात होय, असा त्याचा आशय आहे. विश्वस्ताच्या या कल्पनेत धर्मश्रद्धेची ऊब आहे. प्रतिज्ञापत्राची रचनाही श्रद्धावचनांसारखीच आहे.

ब्लायर यांची घडण निराळी. मिल्वॉकीच्या वृत्तपत्रव्यवसायातील घराण्यात ते वाढले आणि इंग्रजी वाङ्मयात त्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. वृत्तपत्रकाराचे हेतू शुद्ध असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही, असे त्यांना वाटे. त्याला अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र यांचे ज्ञान हवे, म्हणजे आपल्यापुढे आलेल्या विधानाची तपासणी करण्याची क्षमता त्याच्या अंगी येईल. म्हणून पदवीच्या अभ्यासात वृत्तपत्रविद्येचा वाटा थोडा आणि सामाजिक शास्त्रांचा मोठा असावा, ही त्यांची धारणा होती. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या वृत्तपत्रविद्येच्या अध्यापकांच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अमेरिकन वृत्तपत्रांचा इतिहास अनेक वर्षे वर्गांतून वापरला गेला.

ब्लायर यांच्या पक्षाला अनपेक्षित पुरावा मिळाला तो १९२० मध्ये. वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ यांनी रशियन क्रांतीविषयी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दिलेल्या बातम्यांची तपासणी केली आणि ती त्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये ‘न्यू रिपब्लिक’ या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून प्रसिद्ध केली. नोव्हेंबर १९१७ पासूनच्या दोन वर्षांत सोव्हिएत राजवट कोसळत आहे किंवा कोसळली आहे, असे या पत्राने एकंदर ९१ वेळा छापल्याचे त्यांना आढळले. राजवट मात्र उभीच होती. या तपासणीचे महत्त्व असे की तिने कोणावर लाचखाऊपणाचा आरोप केला नाही. वार्ताहर व संपादक अप्रामाणिक नव्हते; आपल्या आशा आणि भीती यांनाच ते बातमी समजत होते. शुद्ध चारित्र्याचा मनुष्यही ९१ वेळा चुकू शकतो, हे दिसल्यावर केवळ चारित्र्यावर उभारलेला अभ्यासक्रम अपुरा ठरला. पुरावा तपासण्याची शिस्त ही तत्त्वांच्या यादीत अग्रक्रमाने आली पाहिजे, हा लिपमन यांचा निष्कर्ष होता. वृत्तपत्रीय ‘वस्तुनिष्ठते’च्या कल्पनेचे एक मूळ येथे आहे. लेखक निःपक्षपाती असतो असा तिचा दावा नव्हता. तो तसा नसतो, म्हणून त्याची पद्धत तशी असावी, असे तिचे सांगणे होते. पुढे हा फरक विसरला गेला आणि त्याची किंमत मोजावी लागली.

दरम्यान व्यवसायानेही तत्त्वे लेखनिविष्ट करण्याचे मनावर घेतले. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन संपादकांच्या संस्थेने १९२३ मध्ये सात कलमांची संहिता मान्य केली. जबाबदारी, मुद्रणस्वातंत्र्य, स्वायत्तता, सत्यनिष्ठा व अचूकपणा, निःपक्षपात, न्याय्य वागणूक आणि सभ्यता ही ती कलमे होत. संस्थेचे संस्थापक कॅस्पर योस्ट यांनी १९२४ मध्ये ‘वृत्तपत्रविद्येची तत्त्वे’ याच नावाचे पुस्तक लिहिले. पण संहितेची परीक्षा लगेच झाली. टीपॉट डोम या तेलक्षेत्राच्या भानगडीत ‘डेन्व्हर पोस्ट’चे एक मालक फ्रेड बॉनफिल्स गुंतलेले असल्याचे सिनेटच्या चौकशीत बाहेर आले आणि त्यांच्यावर कारवाई करावी अशी मागणी संस्थेत उठली. कित्येक वर्षे वाद चालला. शेवटी १९२९ मध्ये संहितेचे पालन ऐच्छिक समजावे असे ठरले. सनद नसलेल्या पेशाची मर्यादा येथे उघडी पडली.

५

या इतिहासातील सर्वांत कठीण प्रकरण वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत घडले नाही. ते मिसूरीच्या शाळेच्या दारातच घडले.

ल्युसिल ब्लुफर्ड या कृष्णवर्णीय तरुणीने १९३२ मध्ये कॅन्सस विद्यापीठातून वृत्तपत्रविद्येची पदवी घेतली होती. ‘कॅन्सस सिटी कॉल’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाच्या संपादनात त्या जबाबदारीचे काम करीत होत्या. १९३९ च्या आरंभी त्यांनी मिसूरीच्या पदव्युत्तर वर्गासाठी अर्ज केला. टपालाने आलेल्या कागदपत्रांवरून प्रवेश मंजूर झाला; त्या स्वतः नोंदणीसाठी गेल्या तेव्हा, त्यांचा वर्ण पाहून, तो नाकारण्यात आला. काही आठवड्यांपूर्वीच, डिसेंबर १९३८ मध्ये, लॉइड गेन्स या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मिसूरी राज्याला बजावले होते की, गोऱ्यांसाठी कायद्याची शाळा असेल तर कृष्णवर्णीयांनाही राज्यातच समान सोय मिळाली पाहिजे. या निर्णयाच्या आधारे ब्लुफर्ड न्यायालयात गेल्या. कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या लिंकन विद्यापीठाला तशी सोय करण्याची संधी प्रथम मिळावी, असा पवित्रा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४१ मध्ये घेतला. १९४२ मध्ये लिंकन येथे वृत्तपत्रविद्येची शाळा उघडण्यात आली. मिसूरीच्या शाळेने युद्धकाळात विद्यार्थी घटल्याचे कारण देऊन आपला पदव्युत्तर वर्गच बंद केला.

ज्या शाळेने वृत्तपत्र हा लोकांचा ठेवा आहे हे जगाला शिकविले, तिने ‘लोक’ या शब्दात कोणाला धरले होते? विल्यम्स १९३५ मध्ये वारले होते. या निर्णयाचे उत्तरदायित्व त्यांच्यावर येत नाही. परंतु प्रश्न व्यक्तीचा नाही. राज्याचे वर्णभेदाचे धोरण विद्यापीठावर बंधनकारक होते असा बचाव करता येईल. तथापि तो बचाव मान्य केला तर तत्त्वांच्या वर्गाचे मूळ प्रयोजनच संपते. कायदा सांगत नाही तेथेही योग्य ते करावे, ही त्या वर्गाची शिकवण होती. मग कायदा अयोग्य ते सांगत असता शाळेने आपला वर्ग बंद करण्यापलीकडे काही करू नये, याचा अर्थ कसा लावावयाचा?

ब्लुफर्ड त्या वर्गात कधीच बसल्या नाहीत. त्या ‘कॉल’मध्येच राहिल्या, पुढे त्या पत्राच्या संपादक व प्रकाशक झाल्या आणि आयुष्यभर त्यांनी ते चालविले. विद्यापीठाने पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला तो १९५० मध्ये. १९८४ मध्ये वृत्तपत्रविद्येच्या त्याच शाळेने त्यांना आपले सन्मानपदक दिले आणि १९८९ मध्ये विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट. ज्या तत्त्वांच्या नावाने हा सन्मान झाला ती त्या शाळेबाहेर शिकल्या होत्या आणि शाळेविरुद्ध त्यांनी ती वापरली होती.

६

दुसऱ्या महायुद्धानंतर तत्त्वांच्या अभ्यासक्रमाचा भर पुन्हा बदलला. ‘टाइम’चे हेन्री ल्यूस यांच्या आर्थिक साहाय्याने, शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हचिन्स यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १९४७ मध्ये आपला अहवाल दिला. आयोगात एकही कार्यरत वृत्तपत्रकार नव्हता, म्हणून वृत्तपत्रांनी त्यावर झोड उठविली. अहवालाचे म्हणणे असे की, स्वातंत्र्य मालकाचे असले तरी गरज समाजाची आहे. समाजातील निरनिराळ्या गटांचे यथार्थ चित्र उमटविणे हे वृत्तपत्रांचे कर्तव्य होय. वृत्तपत्रविद्येच्या शाळा कायदा व वैद्यक यांच्या शाळांप्रमाणे आपल्या पेशाची मानके उभारण्याचे काम करीत नाहीत, ही आयोगाची तक्रार शाळांना झोंबली. १९५६ मध्ये सीबर्ट, पीटरसन व श्रॅम यांनी मुद्रणविषयक चार उपपत्तींची मांडणी केली. अधिकारवादी, स्वातंत्र्यवादी, सामाजिक जबाबदारीची आणि सोव्हिएत साम्यवादी अशा त्या चार होत. हे छोटे पुस्तक दीर्घकाळ या वर्गांचे आधारग्रंथ होऊन बसले. शीतयुद्धाच्या काळातील त्याची वर्गवारी आज एकांगी वाटते. परंतु वृत्तपत्र कसे असावे याचे उत्तर राज्यव्यवस्थेनुसार बदलते, हे विद्यार्थ्याला त्याने प्रथमच सुसूत्रपणे सांगितले.

वस्तुनिष्ठतेचा अर्थ किती आक्रसला होता हे याच काळात दिसून आले. ९ फेब्रुवारी १९५० रोजी सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी व्हीलिंग येथे भाषण केले आणि परराष्ट्रखात्यातील कम्युनिस्टांची यादी आपल्यापाशी असल्याचा दावा केला. पुढील दिवसांत त्यांनी सांगितलेला आकडा बदलत गेला. वृत्तपत्रे तो निष्ठेने छापीत राहिली. सिनेटर असे म्हणाले ही गोष्ट खरी होती, म्हणून बातमीही ‘खरी’ होती. लिपमन यांनी मागितलेली पुराव्याची तपासणी मागे पडून केवळ उद्‌गारांची अचूक नोंद उरली होती. तत्त्व जेव्हा सवयीत रूपांतरित होते तेव्हा ते तत्त्वाच्या विरुद्धही वापरले जाऊ शकते, याचे याहून ठळक उदाहरण या अभ्यासक्रमाच्या इतिहासात नाही.

१९६८ मध्ये शहरांतील दंगलींविषयीच्या कर्नर आयोगाने ब्लुफर्ड प्रकरणाचा धागा नकळत पुन्हा हाती घेतला. अमेरिकन वृत्तपत्रे गोऱ्यांच्या जगात बसून त्या जगाच्याच डोळ्यांनी पाहतात, असा त्याचा निष्कर्ष होता; संपादकीय कामातील कृष्णवर्णीयांचे प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी असल्याचे त्याने नमूद केले. तत्त्वे ऐकावयास वर्गात कोण बसते यावर त्या तत्त्वांचा अर्थ अवलंबून असतो, ही गोष्ट आता आकड्यांनीच सांगितली.

७

या परंपरेचा एक तंतू नागपूरपर्यंत येऊन पोचला. १९५२–५३ मध्ये सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वोल्सली हे फुलब्राइट योजनेखाली हिस्लॉप महाविद्यालयात आले आणि तेथे वृत्तपत्रविद्येचे शिक्षण सुरू करण्यात त्यांनी भाग घेतला. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. भारतीय वृत्तपत्रकारांच्या लेखांचा त्यांनी संपादित केलेला संग्रह १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. परक्या देशात शिकवावयास आलेल्या अध्यापकाने त्या देशातील व्यावसायिकांनाच लिहिते केले, ही गोष्ट उल्लेखनीय होय.

अमेरिकन अभ्यासक्रमाचे गृहीत कृत्य मात्र येथे जसेच्या तसे लागू होण्यासारखे नव्हते. अमेरिकेच्या संविधानाची पहिली दुरुस्ती मुद्रणस्वातंत्र्याचे रक्षण करते. भारतीय संविधानाच्या १९५१ मधील पहिल्या दुरुस्तीने एकोणिसाव्या अनुच्छेदातील अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याची कारणे वाढविली. ते निर्बंध ‘वाजवी’ असावेत ही अटही तिनेच घातली. त्याच वर्षी आक्षेपार्ह मजकुराविषयीचा मुद्रणकायदा झाला. नावाने समान असलेल्या या दोन दुरुस्त्यांत जे अंतर आहे तेच दोन्ही देशांतील तत्त्वांच्या वर्गांत असणार. मिसूरीच्या विद्यार्थ्याला शिकवावयाचे असे की, कायदा अडवीत नाही म्हणून स्वतःला आवर. नागपूरच्या विद्यार्थ्याला याच्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकवावी लागे: कायदा कोठे अडवितो, आणि तो अडवितो ते योग्य आहे का, हे तपास. एक गोष्ट मात्र उभयतांना समान होती. वृत्तपत्रकाराला सनद येथेही लागत नव्हती.

८

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हा अभ्यासक्रम पुन्हा मूळ प्रश्नाकडे वळला. बिल कोव्हॅक व टॉम रोझेन्स्टील यांनी २००१ मध्ये पत्रकारितेच्या मूलतत्त्वांची जी मांडणी केली, तिच्या केंद्रस्थानी पडताळणीची शिस्त आहे. म्हणजे ब्लायर व लिपमन यांचा पक्ष ऐंशी वर्षांनी नव्या शब्दांत पुढे आला. ‘अमेरिकन पत्रकारितेची तत्त्वे’ हे स्टेफनी क्राफ्ट व चार्ल्स डेव्हिस यांचे पाठ्यपुस्तक २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांनीही मिसूरीत अध्यापन केले होते. १९०८ मधील वर्गाचे नाव जवळजवळ तेच राहिले; परिस्थिती मात्र पालटली होती. छापखाना असलेल्याचेच मुद्रणस्वातंत्र्य, ही अवस्था संपून हातातील यंत्रावरून कोणीही जगाला बातमी सांगू शकतो, अशी अवस्था आली. सनद नसलेल्या पेशाला आता कुंपणही उरले नाही.

या शतकाहून मोठ्या इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. तत्त्वांचा वर्ग हा सनदेचा पर्याय म्हणून जन्मास आला आणि पर्याय म्हणून तो नेहमीच दुबळा ठरला. बॉनफिल्स यांना तो आवरू शकला नाही, मॅकार्थींच्या आकड्यांना त्याने अडविले नाही आणि ब्लुफर्ड यांच्यासाठी त्याने दार उघडले नाही. तरीही तो निष्फळ होता असे म्हणता येत नाही. यांतील प्रत्येक प्रसंगाला चूक म्हणून ओळखण्यासाठी जी भाषा लागली ती याच वर्गाने घडविली होती. सनद देणारे मंडळ चुकले तर त्याच्यावर अपील राज्याकडे करावे लागते. तत्त्व शिकविणारी शाळा चुकली तर तिच्यावर अपील तिनेच शिकविलेल्या तत्त्वाकडे करता येते, आणि ते करण्यासाठी शाळेची परवानगी लागत नाही. अमेरिकेने आपल्या वृत्तपत्रकारांना सनद न देण्याचे ठरविले, तेव्हा या अपिलाला पंचेचाळीस वर्षे लागू शकतात, हा धोकाही तिने पत्करला होता. तो धोका योग्य होता की नाही, हा प्रश्न या विषयाच्या प्रत्येक पहिल्या वर्गात पुन्हा विचारला गेला पाहिजे.